घरातला एकच यूएसबी प्रिंटर सगळ्या कॉम्प्युटरवरून कसा वापरायचा

प्रिंटर एकच, तोही यूएसबीवाला. ज्या कॉम्प्युटरला तो जोडलाय तिथूनच प्रिंट निघते. बाकीच्यांनी फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, नाहीतर स्वतःलाच मेल करायची आणि त्या कॉम्प्युटरवरचा माणूस उठायची वाट बघायची. हा खटाटोप बंद करायला नवा प्रिंटर लागत नाही. घरात वायफाय आहे म्हणजे नेटवर्क आहे, आणि नेटवर्क आहे म्हणजे प्रिंटर त्यावर आणता येतो.

कामाला हात घालण्यापूर्वी प्रिंटरची मागची बाजू एकदा नीट बघा. यूएसबीच्या चौकोनी सॉकेटशेजारी लॅनचं सॉकेट दिसलं, किंवा प्रिंटरच्या मेनूत वायरलेस असा काही पर्याय सापडला, तर पुढचं वाचायची गरजच नाही. तो प्रिंटर थेट राउटरला जोडा. हसण्यावारी नेऊ नका: बसवताना यूएसबी केबल लावली म्हणून वायफायची सोय असलेला प्रिंटर वर्षानुवर्षं केबलवरच चालवणारी घरं खूप आहेत.

यजमान कोण, हे आधी ठरवा

यूएसबी प्रिंटरला स्वतःचा नेटवर्क पत्ता नसतो. त्यामुळे कोणीतरी मध्ये उभं राहून नेटवर्कवरून आलेलं काम घ्यायचं आणि केबलमधून प्रिंटरला द्यायचं, अशी व्यवस्था करावी लागते. या मधल्याला मी यजमान म्हणतो. यजमान तीन प्रकारचा असू शकतो: रोजच्या वापरातला कॉम्प्युटर, यूएसबी पोर्ट असलेला राउटर, किंवा फक्त याच कामासाठी ठेवलेलं छोटं यंत्र, म्हणजे रास्पबेरी पाय किंवा लिनक्स टाकलेला जुना लॅपटॉप.

निवड करताना एकच प्रश्न विचारायचा: हे यंत्र दिवसभर चालू असतं का? यजमान झोपला की प्रिंटर गेला. घरात कायम चालू असलेला डेस्कटॉप असेल तर विंडोजचं शेअरिंग पुरतं, पैसा खर्च होत नाही. सगळे लॅपटॉपच असतील तर मात्र लॅपटॉपला यजमान करण्याच्या भानगडीत पडू नका. तो बाहेर जातो, झाकण मिटलं की झोपतो, आणि मग 'प्रिंटर ऑफलाइन' हे दोन शब्द रोज ऐकावे लागतात. अशा घरात छोटं लिनक्स यंत्र उत्तम. राउटरचा पर्याय कागदावर सगळ्यात छान दिसतो, प्रत्यक्षात तो निवडक प्रिंटरांनाच जमतो. त्याचं कारण पुढे येईल.

यूएसबी २.० केबल ५ मीटरपेक्षा लांब नसावी, हेही जागा ठरवताना लक्षात ठेवा. लांब केबल आणि वर एक्स्टेंशन लावून प्रिंटर दुसऱ्या खोलीत नेला की मध्येच अर्धवट पानं यायला लागतात आणि दोष ड्रायव्हरवर, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ढकलला जातो.

आधी प्रिंटर एकट्याने चालला पाहिजे

यजमान कॉम्प्युटरला प्रिंटर लावा, कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर टाका आणि टेस्ट पेज काढा. इथे पान नीट आलं नाही तर नेटवर्कचं नावही काढू नका. शेअरिंगने बिघडलेला प्रिंटर दुरुस्त होत नाही. उलट एका दोषाचे दोन होतात आणि कुठून सुरुवात करावी ते कळेनासं होतं.

टेस्ट पेज आलं की एक बारीक सेटिंग आत्ताच करून टाका. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबवर 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स' असं बटण असतं. तिथे कागद ए४ करा, हवं तर ब्लॅक अँड व्हाइट आणि दोन्ही बाजूंनी प्रिंट हेही ठरवा. जवळजवळ याच नावाचं 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' नावाचं दुसरं बटणही तिथेच सापडतं, पण त्यातली निवड फक्त तुमच्या स्वतःच्या खात्यापुरती असते. नंतर जोडल्या जाणाऱ्या कॉम्प्युटरांना मिळतं ते डिफॉल्ट्समधलं. हे केलं नाही की एखादा लॅपटॉप 'लेटर' आकाराचा कागद मागत बसतो आणि प्रिंटर नुसता दिवा मिचकावतो.

विंडोज यजमानाची तयारी

पहिलं काम, कॉम्प्युटरला सुटसुटीत नाव. विंडोज स्वतः देतं ती नावं अक्षरं-आकड्यांची खिचडी असतात. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट, तिथे 'रिनेम धिस पीसी'. रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, १५ अक्षरांच्या आत काहीतरी ठेवा. या लेखापुरतं आपण त्याला 'हॉलपीसी' म्हणू. नाव बदलल्यावर कॉम्प्युटर रीस्टार्ट करावा लागतो.

दुसरं, नेटवर्क प्रायव्हेट असलं पाहिजे. वायफाय किंवा इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' असे दोन पर्याय असतात. पब्लिक असेल तर विंडोजची फायरवॉल शेअरिंगची दारं बंद ठेवते. मग 'नेटवर्क अँड इंटरनेट'मधल्या अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये जाऊन प्रायव्हेटखालचं 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' ही दोन्ही बटणं चालू करा.

त्याच पानावर खाली 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' असतं. ते बंद करा, सगळं आपोआप चालेल, असा सल्ला जागोजागी मिळतो. मला तो पटत नाही, आणि आता तो नीट चालतही नाही. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो संस्करण पासवर्डशिवायचं 'गेस्ट' कनेक्शन मुळातच नाकारतं. म्हणजे घरातला एक लॅपटॉप जोडला जाईल, दुसरा जोडला जाणार नाही, आणि का ते कोणालाच समजणार नाही. त्यापेक्षा पासवर्ड चालूच ठेवा आणि प्रिंटसाठी एक वेगळं खातं उघडा.

ते असं उघडायचं. यजमानावर सेटिंग्ज, अकाउंट्स, 'अदर युजर्स', 'अ‍ॅड अकाउंट'. विंडोज ईमेल विचारेल. तिथे या माणसाची माहिती माझ्याकडे नाही अशा अर्थाची ओळ असते ती निवडा, पुढच्या पडद्यावर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर बनवण्याचा पर्याय येतो. नाव 'प्रिंट' वगैरे, पासवर्ड थोडा लांब. खातं साधंच ठेवा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करू नका. हे खातं लॉगिनच्या पडद्यावर दिसायला लागेल, त्याकडे दुर्लक्ष करा.

हा उपद्व्याप कशासाठी, तर पिनमुळे. बहुतेक लोक आता चार-सहा आकडी पिनने विंडोज उघडतात. पिन त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. दुसऱ्या लॅपटॉपवर नाव-पासवर्डचा चौकोन आला की माणूस पिन टाकतो, तो नाकारला जातो, पुन्हा टाकतो, पुन्हा नाकारला जातो. खरा पासवर्ड मायक्रोसॉफ्ट खात्याचा असतो आणि तो बऱ्याच जणांना आठवतही नसतो. वेगळं स्थानिक खातं असलं की हा प्रश्नच उरत नाही, शिवाय आपल्या मेलचा पासवर्ड घरभर टाकावा लागत नाही.

आता प्रत्यक्ष शेअरिंग. प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये प्रिंटरवर क्लिक करा, 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडा, 'शेअरिंग' टॅबवर 'शेअर धिस प्रिंटर'वर खूण करा आणि शेअरचं नाव छोटं ठेवा. कंपनीचं मॉडेलसकट लांबलचक नाव असतं ते पुसून नुसतं 'लेझर' असं काही लिहा, अर्थात रोमन अक्षरांत. नंतर हे नाव हाताने टाइप करायची वेळ येते.

शेवटचं, झोप. पॉवर सेटिंग्जमध्ये 'स्लीप' कायम बंद करा. पडदा बंद झाला तरी हरकत नाही, पडद्याचा आणि प्रिंटचा संबंध नाही.

बाकीच्या कॉम्प्युटरांवर

दुसऱ्या विंडोज कॉम्प्युटरवर प्रिंटर जोडण्याआधी पासवर्ड साठवून ठेवा. कंट्रोल पॅनेलमध्ये 'क्रेडेन्शियल मॅनेजर', त्यात 'विंडोज क्रेडेन्शियल्स', त्यात नवीन क्रेडेन्शियल जोडायचा पर्याय. पत्त्याच्या जागी हॉलपीसी, युजरनेमच्या जागी हॉलपीसी\प्रिंट, खाली पासवर्ड. युजरनेमच्या आधी कॉम्प्युटरचं नाव आणि उलटी तिरकी रेघ असायलाच हवी, नाहीतर विंडोज हे खातं आपल्याच यंत्रावर शोधतं.

मग विंडोजची कळ आणि आर दाबा आणि लिहा: \\हॉलपीसी. एंटर केल्यावर खिडकी उघडून त्यात 'लेझर' हा प्रिंटर दिसला, तर त्यावर दोनदा क्लिक करा; ड्रायव्हर यजमानाकडून येतो आणि प्रिंटर जोडला जातो. खिडकीच उघडली नाही तर नावाऐवजी यजमानाचा आयपी पत्ता टाकून बघा, उदाहरणार्थ \\१९२.१६८.१.५०. कीबोर्डवर आकडे अर्थातच इंग्रजी. आयपीने उघडतं पण नावाने उघडत नाही, म्हणजे दोष नाव शोधण्यात आहे, प्रिंटरमध्ये नाही. अशा वेळी राउटरच्या डीएचसीपी पानावर (राउटर यंत्रांना पत्ते वाटतो त्याचं पान) यजमानासाठी एक पत्ता राखून ठेवा आणि कायम तोच वापरा. क्रेडेन्शियलही मग त्या पत्त्याच्या नावाने साठवावा लागेल.

आयपीनेही उघडत नसेल तर दोन जागा तपासा. एक, लॅपटॉप 'गेस्ट' वायफायवर आहे का? गेस्ट नेटवर्क घरातल्या इतर यंत्रांपासून मुद्दाम तोडलेलं असतं. दोन, वायफाय लांबवर नेण्यासाठी लावलेला दुसरा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क चालवतोय का? यजमानाचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो आणि लॅपटॉपचा १९२.१६८.० ने, असं दिसलं तर बहुधा तेच. दुसरा राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाका.

एरर आला तर

विंडोजचं प्रिंटर शेअरिंग २०२१ सालापर्यंत बऱ्यापैकी बिनबोभाट चालायचं. त्या वर्षी जुलैमध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावाने ओळखला गेलेला दोष उघडकीला आला. नेटवर्कवरून प्रिंट स्पूलरमार्फत, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणाऱ्या विंडोजच्या सेवेमार्फत, यंत्राचा पूर्ण ताबा घेता येत होता. मायक्रोसॉफ्टने एकामागून एक दुरुस्त्या सोडल्या. ऑगस्टपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागू लागले, आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर असंख्य घरांत आणि ऑफिसांत शेवटी ११बी असलेला एरर कोड दिसू लागला. शेवटी ७०९ असलेला कोड हा त्याचाच भाऊबंद. दोन्ही कोडांचा अर्थ थोडक्यात असा की दोन यंत्रांचं सुरक्षेच्या बोलीवर एकमत होत नाहीये, बहुतेक वेळा एक अपडेट झालेलं आणि दुसरं जुनं राहिलेलं म्हणून.

म्हणून पहिला उपाय, दोन्हीकडचे सगळे अपडेट टाकून दोन्ही रीस्टार्ट करणं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, एक किंमत शून्य करायची युक्ती सर्रास सांगितली जाते. तिने काम होतं, पण ज्या भोकाला ठिगळ लावलं तेच पुन्हा उघडतं. त्यापेक्षा 'लोकल पोर्ट'चा मार्ग मला जास्त आवडतो. थोडा आडवळणाचा आहे, पण चिवट आहे.

लॅपटॉप उचलून प्रिंटरपाशी न्या. यजमानाची केबल काढून ती थोडा वेळ लॅपटॉपला लावा, ड्रायव्हर टाका, टेस्ट पेज काढा. आता लॅपटॉपवर पक्का, चालणारा ड्रायव्हर आहे. केबल परत यजमानाला लावा. लॅपटॉपवर त्याच प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पोर्ट्स' टॅब उघडा, 'अ‍ॅड पोर्ट', मग 'लोकल पोर्ट', मग 'न्यू पोर्ट', आणि नाव म्हणून लिहा: \\हॉलपीसी\लेझर. यादीत या नव्या पोर्टवर खूण आली की ओके. लॅपटॉपला वाटतं प्रिंटर आपलाच आहे. प्रत्यक्षात तयार झालेलं काम तो यजमानाच्या शेअरकडे सोडतो. ड्रायव्हर यजमानाकडून घ्यायचाच नसल्यामुळे त्यावरून होणारी भांडणं मिटतात. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये पासवर्ड मात्र आधीच साठवलेला हवा.

नेहमीच्या इंटेल-एएमडीऐवजी एआरएम प्रोसेसरवर चालणारा विंडोज लॅपटॉप असेल तर एक अडचण यानेही सुटत नाही. त्याला एआरएमसाठी खास बनवलेला ड्रायव्हर लागतो आणि जुन्या प्रिंटरांसाठी तो सहसा कोणी काढलेला नसतो. अशा लॅपटॉपला पुढचा लिनक्सचा मार्गच सोयीचा.

राउटरच्या यूएसबी पोर्टचं काय?

राउटरला यूएसबी पोर्ट आहे म्हणजे तो प्रिंटर घेईलच असं नाही. कित्येक राउटरांवर तो फक्त पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कसाठी असतो. माहितीपुस्तिकेत 'प्रिंट सर्व्हर' हा शब्द सापडला तरच पुढे जा.

राउटर सहसा एवढंच करतो: ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर (हे यूएसबीचं सॉकेट नव्हे, नेटवर्कवरचं दार), किंवा ५१५ वर, जे काही येईल ते जसंच्या तसं यूएसबीत ओततो. पान समजून घेणं, रंगांचे ठिपके मांडणं यातलं तो काही करत नाही. प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या पानाचं वर्णन करणाऱ्या भाषा समजणारा असेल तर हे सुरेख चालतं. स्वस्त घरगुती प्रिंटर मात्र बहुधा 'होस्ट बेस्ड' असतात. त्यांच्यात अक्कल कमी ठेवलेली असते, पानाचा एकेक ठिपका कॉम्प्युटरने मोजून पाठवायचा असतो, आणि काहींना सतत उलट उत्तरही द्यायचं असतं. एकेरी रस्ता असलेल्या राउटरवर ते रुसतात. एचपीचे लेझरजेट १०१८ आणि १०२० हे याहून पुढचे: दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरकडून फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरचं आतलं सॉफ्टवेअर, मिळेपर्यंत ते कामालाच लागत नाहीत, आणि साधा राउटर ते देत नाही.

प्रिंटर जमण्यासारखा असेल तर कॉम्प्युटरवर प्रिंटर जोडताना 'टीसीपी/आयपी पत्त्याने जोडा' हा पर्याय घ्या, राउटरचा पत्ता द्या, प्रोटोकॉल 'रॉ', पोर्ट ९१००. ड्रायव्हर प्रिंटरचा स्वतःचाच टाकायचा. पोर्टच्या सेटिंगमध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' अशी एक खूण असते ती काढून टाका. ती असली की विंडोज प्रिंटरच्या स्थितीची चौकशी करत राहतं. राउटरला त्या चौकशीचं उत्तर देता येत नाही, आणि उत्तर आलं नाही की विंडोज चालणाऱ्या प्रिंटरलाही ऑफलाइन ठरवतं.

काही राउटर कंपन्या यूएसबी केबलच नेटवर्कवरून लांबवणारं स्वतःचं सॉफ्टवेअर देतात. त्यात होस्ट बेस्ड प्रिंटर आणि स्कॅनरही चालू शकतात, पण एका वेळी एकच कॉम्प्युटर प्रिंटर धरून ठेवतो. दुसऱ्याला हवा असेल तर पहिल्याने सोडायचा. दोन माणसांच्या घरात चालेल.

छोटं लिनक्स यंत्र: माझी पहिली पसंती

लिनक्सवर प्रिंटिंग सांभाळतं ते कप्स. १९९९ पासून ते आहे, मॅकमध्येही आतून तेच चालतं. त्याची खरी गंमत अशी की ते प्रिंटर नुसता शेअर करत नाही, त्याला आधुनिक नेटवर्क प्रिंटरचं सोंग देतं. मग आयफोन, अँड्रॉइड, मॅक, नवं विंडोज, सगळ्यांना तो ड्रायव्हरशिवाय दिसू शकतो. विंडोजच्या शेअरिंगमध्ये फोनांना काहीच मिळत नाही, हा फरक घरात मोठा ठरतो.

असं यंत्र विकत घेण्याआधी मात्र प्रिंटरचा लिनक्स ड्रायव्हर आहे का ते तपासा. एचपीसाठी एचपीएलआयपी, बऱ्याच ब्रदर लेझरसाठी बीआरलेझर, एप्सनच्या इंकजेटसाठी ईएससी/पी-आर, आणि कॅनन-एप्सनच्या अनेक मॉडेलसाठी गुटेनप्रिंट. हे सगळे मुक्त स्रोत असल्यामुळे रास्पबेरी पायवरही चालतात. कंपनीच्या साइटवरचा 'लिनक्स ड्रायव्हर' पुष्कळदा फक्त इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठी असतो, पायच्या एआरएमवर तो बसत नाही. तुमच्या मॉडेलसाठी तेवढाच असेल तर पाय घेऊ नका, जुना लॅपटॉप वापरा.

पायवर मांडणी अशी. रास्पबेरी पाय ओएसची पडद्याशिवायची लाइट आवृत्ती कार्डावर टाका, नेटवर्कवर आणा, अपडेट करा. पॅकेज मॅनेजरने कप्स, अवाही आणि तुमचा ड्रायव्हर इन्स्टॉल करा. अवाही म्हणजे घरभर 'मी इथे आहे' असं ओरडणारा. तुमच्या युजरला 'एलपीअ‍ॅडमिन' गटात घाला, नाहीतर पुढे पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश मिळणार नाही. मग कपसीटीएल ही आज्ञा रिमोट अ‍ॅडमिन आणि शेअर प्रिंटर्स हे दोन पर्याय देऊन एकदा चालवा. आता कुठल्याही कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये पायचा पत्ता, कोलन आणि ६३१ लिहिलं की कप्सचं पान उघडतं. प्रमाणपत्राबद्दल ब्राउझर घाबरवेल. घरातल्याच यंत्राशी बोलतोय, पुढे जा.

'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'मध्ये 'अ‍ॅड प्रिंटर' दाबा. यूएसबीचा प्रिंटर वरच्या 'लोकल' यादीत दिसतो. नाव छोटं द्या, 'शेअर धिस प्रिंटर'ची खूण विसरू नका, यादीतून ड्रायव्हर निवडा, कागद ए४ करा आणि 'मेन्टेनन्स'मधून टेस्ट पेज काढा. पान आलं की फोन उघडून एखाद्या फोटोवर प्रिंट दाबा. अवाही नीट चालत असेल तर प्रिंटर तिथे हजर असतो.

प्रिंटर गेल्या काही वर्षांतला असेल तर 'आयपीपी-यूएसबी' नावाचं पॅकेज त्याला केबलवरूनच ड्रायव्हरशिवाय चालवू शकतं, स्कॅनरसकट. पण ते आणि जुना ड्रायव्हर एकाच वेळी एका प्रिंटरवर नांदत नाहीत. दोघांपैकी एकच ठेवा.

विंडोज ११ ला प्रिंटर यादीत आपोआप दिसला नाही तर 'मॅन्युअली' जोडताना शेअर्ड प्रिंटरच्या नावाच्या जागी वेबचा पत्ता द्यायचा: एचटीटीपी, पायचा पत्ता, कोलन ६३१, तिरकी रेघ, प्रिंटर्स, तिरकी रेघ, आणि तुम्ही दिलेलं नाव. विंडोज बहुधा स्वतःचा आयपीपी ड्रायव्हर लावतं.

वेगाबद्दल थोडं, कारण पाय झिरो (रास्पबेरी पायचा छोटा अवतार) घेणारे यावर हमखास तक्रार करतात. ए४ पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) म्हणजे साधारण ४,९६० गुणिले ७,०१६ ठिपके, एकूण जवळपास साडेतीन कोटी. काळ्या-पांढऱ्या पानासाठी दर ठिपक्याला एक बिट धरला तर ४ एमबीच्या आसपास. तेच रंगीत, दर ठिपक्याला २४ बिट, की १०० एमबीच्या वर. होस्ट बेस्ड प्रिंटरसाठी हे सगळं यजमानाने मांडायचं असतं. पाय झिरो २ डब्ल्यूमध्ये मेमरी ५१२ एमबी. मजकुराची पानं तो काढतो, पूर्ण पानाचे रंगीत फोटो पाठवलेत की विचारात पडतो. रंगीत इंकजेट असेल तर पाय ४ किंवा जुना लॅपटॉप बघा. आणि झिरोला मायक्रो यूएसबी पोर्ट असतं, त्याला प्रिंटरची केबल लावायला ओटीजी अडॅप्टर लागतो.

घरातला यजमान मॅक असेल तर काम सोपं: सिस्टीम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग, तिथे 'प्रिंटर शेअरिंग' चालू करून प्रिंटरवर खूण करायची. दुसऱ्या मॅकना तो लगेच दिसतो. स्लीपचा नियम इथेही तोच.

स्कॅनर

ऑल इन वन प्रिंटर विंडोजवर शेअर केला तर शेअर होतो तो फक्त प्रिंटर. स्कॅनर तिथेच राहतो, यात तुमचं काही चुकलेलं नाही. लिनक्स यजमानावर सेन आणि एअरसेन ही जोडी स्कॅनर नेटवर्कवर आणते. विंडोज यजमान असेल तर नॅप्स२ या मोफत प्रोग्रॅममध्ये स्कॅनर शेअरिंगची सोय आहे. क्वचित लागणाऱ्या एखाद-दोन कागदांसाठी मात्र यजमानापाशी जाऊन स्कॅन करणं परवडतं. तसंही कागद काचेवर ठेवायला उठावं लागतंच.

दारं बाहेरून बंद ठेवा

बाहेरगावाहून प्रिंट काढता यावी म्हणून राउटरवर ६३१, ९१०० किंवा ४४५ हे पोर्ट इंटरनेटकडे उघडू नका. कोणत्याही कारणासाठी नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सच्या परिवारातल्या 'कप्स-ब्राउझ्ड' या सेवेतला गंभीर दोष जाहीर झाला, आणि धोका होता तो मुख्यतः हे दार बाहेर उघडं असलेल्यांना. ही सेवा दुसऱ्यांचे प्रिंटर शोधण्यासाठी असते, आपला प्रिंटर शेअर करायला ती लागत नाही, तेव्हा यजमानावर बंदच करून टाका. बाहेरून प्रिंट काढणं खरंच गरजेचं असेल तर घरच्या नेटवर्कचं व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत शिरायचा सुरक्षित रस्ता, करा.

रांग अडकली तर

सगळं चालू असताना एक दिवस एखादं काम रांगेत 'डिलीटिंग' असं म्हणत तासन्‌तास बसून राहतं आणि मागचं सगळं तुंबतं. विंडोज यजमानावर 'सर्व्हिसेस' उघडा, 'प्रिंट स्पूलर' थांबवा, विंडोजच्या फोल्डरमध्ये सिस्टीम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स इथवर जाऊन आतल्या फाइली पुसा. फोल्डर पुसू नका, फक्त आतल्या फाइली. मग स्पूलर पुन्हा सुरू करा. कप्समध्ये 'जॉब्ज' पानावरून काम रद्द करायचं आणि प्रिंटर 'पॉज्ड' दिसत असेल तर त्याला 'रिझ्यूम' करायचं. केबल निघाली की कप्स कधीकधी प्रिंटरला थांबवून ठेवतं आणि केबल परत लावली तरी स्वतःहून सुरू करत नाही. त्यासाठी प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'एरर पॉलिसी' असते. ती 'रिट्राय जॉब' करून ठेवली की ही कटकट बरीच कमी होते.